उसना भरवसा

सिसिलियाबाय गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. तीन झाल्या होत्या, चौथी व्हायची होती. तिची सून जेनिफर पलीकडून एवढंच म्हणाली, "ताई, ममा गेली... सकाळी." मी "हो" म्हटलं, फोन ठेवला, चौथी शिट्टी होऊ दिली आणि मगच गॅस बंद केला. दिलीप, माझे यजमान, "काय झालं?" म्हणून विचारत होते आणि मी ताटात भात वाढत होते, कोणाला वाढतेय हेच कळत नव्हतं. दुपारी आम्ही वसईतल्याच आमच्या एव्हरशाईन वसाहतीतून रिक्षा करून वसईगावाजवळच्या तिच्या होळी गावात गेलो. नाताळ होऊन आठवडा लोटला होता, पण तिच्या ओटीवरचा कागदी तारा अजून तसाच लटकत होता आणि त्याच्यातला दिवा चालू होता. घरात माणूस अंथरुणाला खिळलेलं असताना दिवा घालवायचं कोणाच्या लक्षात राहणार? भर उन्हात पेटलेला तो तारा बघितला आणि मला रडू फुटलं. तोवर डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नव्हतं.

आमची ओळख वालीवच्या एका लहानशा कारखान्यातली. तिथं पाण्याच्या पंपाचे सुटे भाग तयार व्हायचे. ती पॅकिंगला होती, मी तपासणीला. माझं कामच संशयाचं. हातात मोजमापाचा व्हर्निअर घ्यायचा आणि समोर आलेला प्रत्येक भाग खोटा आहे असं धरून चालायचं. ही सवय कारखान्याच्या फाटकापाशी थांबत नाही. दाराचं कुलूप मी आजही तीनदा ओढून बघते, दिलीप म्हणतात, "चोर कशाला हवा, तूच मोडशील एक दिवस." आणि ही बाई... काम सुरू करताना कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावून क्रूसाची खूण करायची. डबा उघडताना करायची, रिक्षात बसताना करायची. एकदा तिनं पॅकिंगचं मशीन चालू करतानाही केली तेव्हा मला राहवलं नाही.

"मशीनसुद्धा तुमचा देवच चालवतो का हो?"

"मशीन लाइट चालवते," ती म्हणाली. "माझी बोटं तो सांभाळतो. मोजा, दहाच्या दहा हायत." आणि दहाही बोटं तिनं माझ्या नाकासमोर नाचवली.

ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, म्हणून मी अहोजाहो करत होते. तेही तिनं आठवडाभरात बंद पाडलं. "तुमी तुमी केलं का मला फादरच्या ऑफिसात बसल्यागत वाटतं. तू म्हन." मग तोंडात 'तू' बसलं, नावापुढचं 'बाय' मात्र शेवटपर्यंत सुटलं नाही. माझ्याशी ती अशी बोलायची. घरी सुनेशी गावच्या बोलीत सुरू झाली की मी राजापूरची असूनही मला दहातले चार शब्द कळायचे, आणि त्यावरून त्या दोघी मला हसायच्या.

सुरुवातीला मी तिच्या भरवशाला आळस समजले होते, हे आज कबूल करते. एका पावसाळ्यात होळीच्या वाड्यांमध्ये पाणी शिरलं आणि तीन दिवस हललं नाही. मी तिला भेटायला गेले तर वांग्याची सगळी रोपं कुजून काळी पडली होती, केळी आडव्या झाल्या होत्या. मला वाटलं, ही एक तर डोक्याला हात लावून बसली असेल किंवा जपमाळ ओढत. बाई पदर खोचून चिखलात उभी होती आणि वाफे सारखे करत होती. ओटीवर काचेच्या तीन बाटल्या होत्या, त्यात चुलीच्या राखेत घोळवलेलं बी. दर वर्षी ती चांगल्या फळांचं बी धरायची आणि राख लावून पोटमाळ्यावर ठेवायची, अगदी छपराला लागून, पाणी कितीही चढलं तरी पोचणार नाही असं.

"पुन्हा पाणी आलं तर?" मी विचारलं.

"येईल की."

"मग?"

"मग परत पेरीन. बी त्यानं दिलंय, पोटमाळा मी बांधलाय. दोघांचा भरवसा हाय मला." आणि मला कुदळ धरायला दिली. मी पेरलेल्या ओळी इतक्या सरळ आल्या होत्या की त्या वर्षी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवायची, "ही बघा कारखान्यातली वांगी."

पण तिचा भरवसा फुकटचा होता असं कोणी समजू नये. तिचे यजमान ऐन पन्नाशीत, सकाळी वाडीत पाणी सोडताना, बसल्या जागी गेले. ते मी तिला भेटण्याआधीचं. डबा खाताना एकदा तिनं आपणहून सांगितलं, "नंतर मी त्याच्याशी बोलत नव्हते. सहा महिने. एक शब्द नाय." मला आधी कळेना, कोणाशी? ती देवाबद्दल बोलत होती. "पन चर्चात मिस्साला रोज जायची. मागच्या बाकावर बसायची, तोंड मिटून. लोक प्रार्थना म्हनायचे, मी नाय म्हनायची. संपलं का उठून घरी."

"मग जायचीस कशाला?"

"रुसलं म्हनून कोन घर सोडतं का?" तिनं डब्यातला अळूचा फदफदा माझ्या पोळीवर वाढला. "बोलायचं नसलं तरी घरी जायचंच."

मी यावर हसले होते. माझ्याकडे तेव्हा रुसायलासुद्धा देव नव्हता. देव्हारा होता, सासूबाईंचा; त्यातला पितळी गणपती मी रोज पुसत होते, फूल वाहत होते, बस. मग दिलीपच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी संध्याकाळी मी हॉस्पिटलात न्यायची पिशवी चौथ्यांदा भरत होते, रिपोर्ट तारखेप्रमाणे लावत होते, आणि लावलेले विस्कटून पुन्हा लावत होते. बेल वाजली. सिसिलियाबाय दारात. हातात माडाच्या कोवळ्या पातीचा विणलेला क्रूस. ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये झावळ्या आशीर्वादित करतात, त्यातल्या पातींचे असे क्रूस ही मंडळी घरात लावतात, आणि ते वर्षभर तिथंच राहतात.

मी तो हातात घेतला आणि सवयीनं म्हणून गेले, "याचा एक हात आखूड आहे."

"तुझं ते मोजायचं यंत्र ठेव बाजूला. माझे सगळे तसेच होतात."

"यानं काय होतं, सिसिलियाबाय?"

"काय नाय होत. झावळीची पात हाय ती. ऑपरेशन डॉक्टर करनार." मग माझ्या हातातले कागद काढून घेऊन तिनं टेबलावर ठेवले. "आपन एकटे नाय, एवढं आठवतं तिच्याकडे बघून."

"माझा नाही गं विश्वास कशावर..." असं म्हणताना मी रडायलाच लागले.

"मग माझा ठेव," ती म्हणाली. "तुझा येईपर्यंत माझा वापर. केव्हातरी परत दे." शेजारणीची साखर संपली की वाटीभर द्यावी, तितक्या साधेपणानं. क्रूस कुठे ठेवायचा हे मला सुचेना, तेव्हा तिनंच तो देव्हाऱ्यात गणपतीच्या मागे, भिंतीला टेकवून ठेवला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या खोलीबाहेर मी पाच तास बसले. एकदाही घड्याळ बघितलं नाही असं म्हणणार नाही, पण डोळे मिटले की आखूड हाताची ती पात दिसायची आणि जीव जरा थाऱ्यावर यायचा. दिलीप बरे झाले. मी पेढे घेऊन होळीला गेले तर ती म्हणाली, "डॉक्टरला दिलेस का आधी?"

त्यानंतर दर वर्षी एक गोष्ट ठरून गेली. राखेच्या बुधवाराआधीच्या रविवारी ती मिस्सा आटोपून आमच्याकडे यायची, अळूची जुडी नाहीतर वांगी घेऊन, आणि वाळलेला क्रूस परत न्यायची. जुन्या झावळ्या चर्चमध्ये गोळा करून जाळतात आणि त्याच राखेची खूण बुधवारी कपाळाला लावतात, हे मला तिच्याकडूनच कळलं. मग चाळीसेक दिवस उपवासाचे, आणि झावळ्यांच्या रविवारी नवा क्रूस घेऊन ती हजर. पहिल्या वर्षी जुना क्रूस तिनं नेल्यावर मी गणपती मागे भिंतीपर्यंत सारून ठेवला होता. नवा घेऊन आली तेव्हा देव्हाऱ्यात डोकावून म्हणाली, "जागा कुठं गेली?"

"आता सरकवते की, तू आणलास ना."

"तसं नसतं गं. जागा आधी ठेवायची. रिकामी असते तेव्हाच तर वाट बघायची." अशी अकरा वर्षं गेली. कारखाना दोघींचाही सुटला, पण हे चुकलं नाही. आणि खरं सांगायचं तर या अकरा वर्षांत माझा स्वतःचा भरवसा असा काही तयार झाला नाही. गरजच पडली नाही. मुलीचं बाळंतपण अडलं, मी सिसिलियाबायला फोन केला. बहिणीचा अपघात झाला, तिला फोन केला. ती म्हणायची, "सांगते त्याला," आणि मी झोपून जायचे. तिचा देवावर भार, माझा तिच्यावर. उसन्या पिठावर अकरा वर्षं भाकऱ्या थापल्या मी.

गेल्या पावसाळ्यात तिच्या पोटात गाठ निघाली. डिसेंबरात मी गेले तेव्हा तिची खाट पुढच्या खोलीत, वाडीकडच्या खिडकीशी आणली होती. हाताची नुसती हाडं राहिली होती. जेनिफर चहा करायला आत गेली आणि तिनं माझं मनगट धरलं. "सुनीता... भीती वाटते गं."

तिला घाबरलेली मी कधी पाहिलीच नव्हती. आणि मी काय केलं? मी बोलत सुटले. मुंबईला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू, रिपोर्ट माझ्याकडे दे, जेवण जात नाही म्हणून असं वाटतं, सूप घे... दहा मिनिटं तरी. कारखान्यातल्या बायका माझी भाषणं ऐकून घ्यायच्या तशी ती ऐकत राहिली. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाली, "माझी झावळी हाय ना गं तुझ्याकडे?"

"आहे की."

"कुठं?"

"तिथंच. गणपतीच्या मागे."

"वाळली असंल."

"वाळलीय. पण आहे."

"मग बरं," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

ती पातीची चौकशी करत नव्हती, हे मला कळायला तिचं दफन व्हावं लागलं. त्या दिवशी तिच्याजवळचा भरवसा सरला होता, आणि माझ्याकडे ठेवलेला तरी शाबूत आहे का, हे ती बघत होती. "घाबरू नकोस, तुझा सगळा माझ्याकडे आहे, आता त्यातला तू घे," एवढं एक वाक्य बोलायचं होतं मला. ती मागत होती आणि मी तिला डॉक्टरांचे पत्ते देत बसले. याचं दुःख तिच्या जाण्याच्या दुःखाहून वेगळं आहे आणि ते कमी होत नाही. जेनिफर नंतर म्हणाली, "शेवटचे आठ दिवस ममा प्रार्थनेला ओठसुद्धा हलवत नव्हती. पण आम्ही संध्याकाळी जपमाळ घेऊन रोझरीला बसलो की कशीबशी कूस बदलून आमच्याकडे तोंड करायची." ते ऐकून मला मागच्या बाकावर तोंड मिटून बसलेली सिसिलियाबाय आठवली आणि जरा बरं वाटलं. ती घरीच गेली असणार.

राखेच्या बुधवाराआधीचा रविवार आला. मिस्सा सुटायच्या वेळेला मी दाराकडे दोनदा बघितलं. मग देव्हाऱ्यातून क्रूस काढला. तिच्या हातचा हा शेवटचा. ठेवून घ्यावा असं फार वाटलं. दिलीप म्हणालेसुद्धा, "ठेव की, कोण विचारणार आहे?" पण ती परत दे म्हणाली होती. क्रूस रुमालात गुंडाळून मी एकटीच रिक्षानं होळीला गेले, तिच्या चर्चमध्ये.

आत दाराशी वेताची मोठी टोपली होती, जुन्या झावळ्यांनी भरलेली. माझा क्रूस ठेवायला वाकले आणि हात तसाच राहिला. टोपलीत एक आखूड हाताचा क्रूस होता. त्याच्या शेजारी दुसरा. खाली अजून एक... मी टोपलीपाशी उकिडवी बसून बघत राहिले. चौदापर्यंत मोजले आणि मग मोजणं सोडून दिलं. कोणाकोणाच्या घरी, कोणकोणत्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ही बाई आपला भरवसा ठेवून आली होती, कोण जाणे. मी माझा त्यांच्यावर ठेवला. मला प्रार्थना येत नाही. "सिसिलियाबाय, आणलाय गं," एवढंच म्हटलं, आणि मग, ती आता तिथं नाही हे आठवून, समोर वेदीकडे बघून तेच पुन्हा म्हटलं, बायचं नाव न घेता. मागच्या बाकावर थोडा वेळ बसले आणि घरी आले.

झावळ्यांच्या रविवाराला अजून तीन आठवडे आहेत. नवा क्रूस कोण आणून देणार, मला ठाऊक नाही. जेनिफरला मी विचारलेलं नाही, आठवणही करून दिलेली नाही. रोज सकाळी देव्हारा पुसते. गणपती उचलते, मागची भिंत पुसते आणि गणपती परत ठेवताना चार बोटं पुढेच ठेवते.