करीमचाचांनी तोललेला रोजा

आमच्या मेहकरात भिंतीला भिंत लागून घरं. किस्से गोळा करायला उठावं लागत नाही, आपसूक फोडणीत येऊन पडतात! मी काही कान लावत नाही हो. फक्त टीव्हीचा आवाज कमी करते.

शेजारचे करीमचाचा धान्याचे व्यापारी. शुगर जबर. मागच्या रमजानात रोजा धरला अन् दुकानातच चक्कर येऊन तुरीच्या पोत्यावर आडवे! यंदा डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "आता जिवावर बेतेल." चाचा ऐकतात कुठले!

*

चाचींनी त्यांना मौलानांपुढे उभं केलं. मौलाना म्हणाले, "फायदा-नुकसान तोला. नुकसान जड भरलं तर रोजा माफ. जान वाचवणं हाही फर्जच."

चाचा पडले व्यापारी! "थोडं कमीजास्त करा ना. दुपारपर्यंत धरू का?"

"करीमभाई, रोजा आहे, तूर नाही!"

*

शुगरच्या कॅप्सूलचं कवच जनावराच्या हाडाचं असतं, असं कोणीतरी चाचांच्या डोक्यात भरवलं. झालं! कवच फोडून नुसती पावडर जिभेवर. "शेंगदाणा खातो, फोलपट टाकतो!"

पावडर कडूजहर, दिवसभर जीभ बाहेर काढून गल्ल्यावर बसले. गिऱ्हाइकं घाबरून परत!

मौलानांनी कपाळाला हात लावला. "दुसरं औषध मिळत असेल तर ते घ्या. नसेल तर हेच गिळा. पण अख्खं!"

*

मग शुगरचं मशीन आलं. पण काटा खरा की खोटा, हे दुसऱ्या मालावर पाहायची चाचांची सवय. चाचींची शुगर नॉर्मल निघाली. मग, "भाबी, बोट द्या."

दिलं. माझी तर चाचांपेक्षा जास्त!

"काटा बरोबर हाय," चाचा खूश. "तुमचाच माल खराब हाय!"

*

रमजान लागला. चाचांनी रोजे धरले नाहीत, बदल्यात रोज एका गरिबाला जेवण सुरू केलं. पण स्वतः चारचौघांत जेवायची लाज. म्हणून दुपारी माझ्या स्वयंपाकघरात, दार लोटून.

एक दिवस त्यांना भाकर अन् वांग्याची भाजी वाढली आणि मी कोरडीच बसले.

"तुम्ही काऊन जेवत नाही?"

"संकष्टी आहे. चंद्र दिसल्यावर."

"अन् डॉक्टरीणबाईनं लावलेली शुगरची गोळी?"

"उपाशीपोटी कशी घेऊ?"

चाचांनी घास खाली ठेवला, चपला घातल्या आणि निघून गेले. मला वाटलं, चाचींकडे चुगली करायला!

थोड्या वेळानं धापा टाकत आले, ताटावर बसले आणि अर्धी भाकर माझ्याकडे सरकवली.

"मौलानाले विचारून आलो, भाबी. तुमची चतुर्थी पण माफ!"