शिकवलं मॅडमनी, सही मात्र सरांची

शिफारसपत्रावर मोठ्या पदाची सही हवी, की ज्यांनी खरंच शिकवलं त्यांची? मला माहीत नाही. घरात पहिली ग्रॅज्युएट मीच, विचारू कुणाला?

जर्मनीत डेटा अ‍ॅनालिटिक्सच्या मास्टर्ससाठी अर्ज करतेय. आज जळगावला कॉलेजात विभागप्रमुखांकडे गेले. "तूच लिहून आण, मी सही करतो," असं ते सगळ्यांनाच सांगतात. मी लिहून नेलं. त्यात एक ओळ होती, 'संख्याशास्त्र हिला तडवी मॅडमनी शिकवलं.'

सरांनी नेमकी तीच ओळ खोडली. "तासिकेवरच्या, कायम नसलेल्या बाईचं नाव कशाला? मी शिकवलं असं लिही."

"सर, तुम्ही आमचा एकही तास घेतला नाही."

"मग घे तिचीच सही! जर्मनीवाले कचऱ्यात टाकतील."

बाजूचे दोघे सर हसले. मी पत्र उचलून बाहेर पडले. तीन वर्षं पहूरहून बसने येऊन, तास संपल्यावरही थांबून शिकवणारी बाई यांना खोडण्याजोगी वाटते?

मॅडमना जाऊन सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "बेटा, माझ्यामुळे तुझं नुकसान नको."

तुमच्याही कॉलेजात असंच चालतं का?

मी पत्र मॅडमकडूनच लिहून घेतलं. अर्जातलं सरांचं नाव काढलं, मॅडमचं टाकलं आणि तासाभरापूर्वी अर्ज पाठवून दिला.