फॅमिली रूमचा पडदा

मुलांनो, आज माझ्या थरथरत्या हातातून सोलकढी सांडली आणि तिच्या वासासरशी पणजीची खाणावळ आठवली. गोवा राज्य झालं, त्या वर्षीची गोष्ट. तिथली मासळी उत्तम, पण तुमचे आजोबा नेहमी फॅमिली रूमच्या पडद्याआडच बसायचे. मला वाटे, बायकोला लपवतात. त्या दिवशी मी हट्टाने बाहेर बसले.

"अगो, आतच बरं," ते पुटपुटले.

"अहो, माणसं काय खातात आपल्याला?"

त्यांनी पेला उचलला, हात थरथरला आणि कढी सदऱ्यावर सांडली.

"मास्तर, कढी पिवपाची, न्हावपाची न्हय!" शेजारच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले, मीही. मला तो धांदरटपणा वाटला. त्यानंतर ते कधीच बाहेर जेवले नाहीत.

आज घरात कोणी नव्हतं, मला उठवतही नव्हतं. तरी सांडलेलं पुसण्याआधी मी दार लोटून आले.