उताराला आडवं

दुकानासमोर सीटवालं कोणतंही मशीन उतरलं की हा माणूस आधी चपला काढायचा. मग सीटवर चढून बसायचा, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवायचा आणि मला विचारायचा,

"बापू, हे आडवं चालते का?"

तेल किती खातं, सामान कुठे मिळतं, बिघडलं तर कोण दुरुस्त करणार, यातलं काही नाही. मी नाही म्हटलं की मान हलवत उतरायचा, चपला पायात घालायचा आणि माझाच चहा पिऊन निघून जायचा. न घेणारं आणि न सोडणारं असं एखादं गिऱ्हाईक तुमच्याही वाट्याला आलं असेल. माझ्या वाट्याला जे आलं त्याची गोष्ट सांगतो.

मानोऱ्यात माझं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे. फवारणीचे पंप, कडबा कटर, खांद्यावरचे ग्रास कटर, असला माल. हा माणूस रिटायर्ड कृषी सहायक. सगळे त्याला काकाजी म्हणायचे, मीही म्हणायचो. उभी नोकरी त्याने आमच्या तालुक्यात एकच गोष्ट सांगण्यात घालवली. उताराला आडवं नांगरा, आडवं पेरा, पाणी अडतं, माती वावरातच राहते. माझ्या बापाने एकदा घाईघाईत नांगराचे उभे तास काढले तर काकाजीने भर वावरात बैल थांबवले आणि त्याला झापलं. बापाने अख्खं वावर पुन्हा आडवं केलं आणि वर त्याला जेवूही घातलं. असा दरारा होता.

रिटायर झाल्यावर त्याने तांड्याच्या वरच्या अंगाला एक बरड घेतलं. सगळा उतार, मुरूम आणि दगड. तिथे त्याने आडवे चर खणून घेतले आणि चराच्या काठाने चारोळी, सीताफळ, आवळा लावला. झाडं लागली. पण झाडांच्या आधी गवत लागलं, तेही कुसळाचं, कमरेएवढं. दिवाळीनंतर ते वाळतं. कोणी बिडी फेकली की होळीच्या आत टेकडी पेटते. एका वर्षी तशी पेटली आणि अर्धी चारोळी जळून गेली. लेकरू गेल्यासारखा तो माणूस दुकानात येऊन बसला होता. तेव्हा मी फक्त चहा सांगितला.

गवत दिवाळीनंतर कापलं पाहिजे, आणि नेमकी तेव्हाच तांड्यावरची माणसं ऊसतोडीला गेलेली असतात. काकाजीचे गुडघे कामातून गेलेले. चालत चालत कापणं जमणार नाही. दुसऱ्याच्या हाती टेकडी द्यायची नाही, कारण दुसरा उभं कापेल. म्हणून त्याला बसून चालवायचं गवत कापायचं मशीन पाहिजे होतं, आणि ते त्या टेकडीवर आडवं चालायला पाहिजे होतं.

आता यात माझी काय चूक, ते सांगा. मी त्याला समजावून समजावून थकलो. हॉटेलच्या हिरवळीवर फिरतं ते मशीन आपल्या कामाचं नाही, त्याचं पोट जमिनीला टेकलेलं असतं, पहिल्याच दगडाला पातं मोडेल. आपल्याला पोट उंच पाहिजे, पण सीट खाली पाहिजे. चाकं रुंद आणि एकमेकांपासून लांब पाहिजेत. चारही चाकांना ओढ पाहिजे. मागे लोखंडी कमान आणि कमरेला पट्टा पाहिजे. आणि हे सगळं असलं तरी बसायचं मशीन उतारावर सरळ वर चढवायचं आणि सरळ खाली उतरवायचं. आडवं घातलं की ते कलंडतं. माणूस त्याच्याखाली सापडतो. खांद्यावरचं असेल तर आडवं चालता येतं, कारण तिथे कलंडायला काही नाही.

तो सगळं लक्ष देऊन ऐकायचा. मास्तरला उत्तर चुकीचं मिळावं तसा चेहरा करायचा.

"उभं चालवलं त चाकाच्या चाकोऱ्या पडतीन. चाकोरीतून पाणी धावते. पाण्यामागं माती. म्या लोकाइले जलमभर काय सांगलं मंग?"

मी कपाळावर हात मारायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवर व्हिडिओ हजर. कुठल्या तरी परदेशातली हिरवीगार टेकडी, त्यावर गोरा माणूस मशीनवर बसून मजेत आडवा चाललेला. खाली काकाजीचा निरोप, हे पाह्य. मी उलट लिहायचो की काकाजी, त्याच्या टेकडीवर एक तरी दगड दाखवा. की दुसऱ्या सकाळी पुढचा व्हिडिओ.

शेवटी मी वैतागून अकोल्याच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडून एक जुनं मशीन, पसंत पडलं तरच घेऊ या बोलीवर, आणलं. रुंद चाकांचं, कमानीचं, जसं पाहिजे तसं. आमच्याकडे बैलही गाडीला जुंपून पाहिल्याशिवाय कोणी घेत नाही, तर मशीन कसं घेणार? पिकअपमधून टेकडीपर्यंत नेलं, हमालांनी उतरवलं. काकाजीने चपला काढल्या. चाकं दाबून पाहिली. पुढून, मागून फिरला. पाठीवर थाप मारली, मशीनच्या. मी पट्टा बांधला आणि हात जोडून सांगितलं की सरळ वर जा, सरळ खाली या. तो हो म्हणाला.

आणि वरच्या चरापाशी पोचताच त्याने मशीन आडवं वळवलं.

मी खालून ओरडत होतो. इंजिनाच्या आवाजात त्याला काय ऐकू येतं! ऐकू आलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं म्हणा. वरच्या अंगाची चाकं उचलली गेली, मशीन खाली घसरलं, कलंडायला लागलं आणि खालच्या चराच्या बांधाला जाऊन अडकलं. इंजिन बंद पडलं. काट्याकुट्यातून धावत वर गेलो, तर हा पट्ट्यात लटकलेला, कोपर सोललेलं, आणि चेहऱ्यावर हसू.

"पाह्यलं? चरानं वाचवलं. आडवा होता म्हणून वाचवलं."

मला त्या क्षणी त्याला तिथेच लटकत ठेवून घरी जावंसं वाटलं. मी पट्टा सोडला. खाली आल्यावर त्याने मशीन नापास करून टाकलं.

ही बातमी त्याच्या मुलाला नागपुरात कळली. मुलगा दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन आला आणि बापाला घेऊन गेला. मुलाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मला वाटलं, सुटलो.

कसला सुटतो! दिवाळी झाली आणि फोन सुरू झाले. गवत वाळलं का. कोणी कापून राह्यलं का. तू गेलता का. काकाजी, मी दुकानदार आहे, तुमचा सालदार नाही, असं मी एकदा स्पष्ट बोललो. तर म्हणाला, "मी कुठं सालदार म्हटलं? पण तू पाह्यशीन त खरं." आता पाहायला गेल्यावर ते गवत नुसतं पाहून परत येणार कोण?

फोन बंद व्हावेत एवढ्यासाठीच मी गेलो. दुकान बंद ठेवलं, खांद्यावर ग्रास कटर अडकवला आणि चरांच्या काठाने आडवे पट्टे कापत सुटलो. कुसळं कपड्यात गेली, पाय सोलले, कंबर मोडली. प्रत्येक पट्ट्याला त्याला शिव्या दिल्या. संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला.

"फोन उभा काहून धरला? आडवा धर. आख्खी टेकडी दिसू दे."

धरला आडवा. काय करणार? तो स्क्रीनजवळ डोळे नेऊन एकेक चर पाहत राहिला. मागे त्याच्या नातवंडांचा टीव्ही तेवढा ऐकू येत होता.

होळीच्या आधी शेजारच्या टेकडीवरून आग आली. मी कापलेल्या पट्ट्यापर्यंत आली आणि तिथे विझली. मी धावत टेकडीवर जाऊन त्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. खालचं सगळं काळं, वरची चारोळी हिरवी. मला वाटलं, आता तरी हा दोन चांगले शब्द बोलेल. त्याने चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा चष्मा लावला आणि म्हणाला,

"आता ते सीटवालं मशीन पाह्यत राह्य बापू. पुढच्या साली मी स्वता येतो. पण आडवं चालनारं पाह्यजो."

पावसाळ्यात तो नागपुरातच वारला. मुलाने कळवलं. मी फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाला नोझल दाखवायला घेतलं, पण चुकीचंच काढून दिलं. फार वाईट वाटलं मला. एवढं डोकं खाणाऱ्या माणसाचं इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं.

यंदा दिवाळी झाली. फोन आला नाही. चार-आठ दिवस मी बिनफोनाचा बसलो आणि माझीच चिडचिड व्हायला लागली. गिऱ्हाइकांवर खेकसायला लागलो. बायको म्हणाली, जा बाप्पा एकदाचे त्या टेकडीवर. गेलो. कोणी सांगितलेलं नव्हतं. पट्टे कापले, आडवेच. कुसळं तशीच टोचली आणि शिव्याही तशाच दिल्या, त्या ऐकणारं कोणी नव्हतं तरी.

काम झाल्यावर सवयीने खिशातून फोन काढला आणि आडवा धरला. अख्खी टेकडी त्यात मावली. मग लावायचा कोणाला, ते कळेना. तसाच उभा राहिलो, हात दुखेपर्यंत.

"आडवंच कापलं, काकाजी," एवढं म्हणालो, मशीन खांद्यावर घेतलं, आणि त्याच्या चराच्या काठाकाठाने हळूहळू खाली उतरलो.