हिर्डोशीत आधारच्या झेरॉक्स कोणी गोळा केल्या?

१. आज सकाळी भोरहून एसटीने हिर्डोशीला गेले. समाजमंदिरात गावातल्या बायकांशी मुक्त सॉफ्टवेअरवर बोलायचं होतं.
२. अकराला पोचले. माझ्या तासभर आधी एक माणूस येऊन गेला होता.
३. त्याने बावीस जणींकडून आधारची झेरॉक्स घेतली, प्रत्येकीवर सही किंवा अंगठा.

आपण कार्यक्रमात साधी हजेरीसुद्धा घेत नाही, हे आपल्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या या ग्रुपमध्ये सगळ्यांना माहीत आहे.

पुढे बसलेल्या मावशींना मी विचारलं, "त्याने मागितली आणि तुम्ही दिली?"

"मागायला कशाला लागतंय? मीटिंग म्हणलं की झेरॉक्स संगं आणायचीच. तुमचाच माणूस व्हता की. शर्टावर ह्योच पक्षी व्हता." त्यांनी माझ्या टी-शर्टवरच्या लिनक्सच्या पेंग्विनकडे बोट दाखवलं.

"तो आमचा नव्हता," मी म्हणाले. खरं तर मला खात्री नव्हती.

"मग आमच्या अंगठ्याचं काय करंल त्यो?"

शेजारच्या बाई म्हणाल्या, "तुझ्या नावानं सिम काढंल. मग पोलीस तुलाच हुडकत येतील."

कोणी हसलं नाही. मी बोलायला उभी राहिले तेव्हा दोघी उठून गेल्या. मला त्यांचं काही चुकलं असं वाटलं नाही.

गावाबाहेर या कार्यक्रमाची वेळ मी फक्त इथे टाकली होती. ते टी-शर्टही आपल्याच लोकांकडे आहेत. मी आरोप करत नाही, पण दुसरं स्पष्टीकरण मला सापडलेलं नाही.

शनिवारी मी मावशींबरोबर पोलिसांकडे जाणार आहे. तो कोण होता हे ज्याला माहीत असेल, त्याने शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला कळवावं.