भिंगरीचे पाय

९ मार्च २०१७ रोजी आमच्या प्रशिक्षण केंद्राने वायरमनला दोनशे पंच्याहत्तर रुपये दिले. काम होतं पाय दाखवण्याचं. असा खर्च मी आजवर कुठल्याच खात्याला टाकला नव्हता, त्यामुळे व्हाउचरवर काय लिहावं ते सुचेना. शेवटी 'प्रात्यक्षिकासाठी पाय, नग दोन' असं लिहून सही घ्यायला कागद पुढे केला. त्याने तो वाचला आणि म्हणाला, "साहेब, दोन्ही परत मिळणार ना?"

त्याला सगळे भिंगरी म्हणत. पायाला भिंगरी लागलेला माणूस, म्हणून भिंगरी. आत्ता जनरेटरच्या खोलीत, तर पाच मिनिटांत गच्चीवर टाकीचा फ्लोट बघताना दिसायचा. मध्ये कुठेतरी कोणाचा तरी पंखा दुरुस्त केलेला असायचा. लिफ्टची देखभाल त्याच्याकडेच होती, पण तो स्वतः कधी लिफ्टने गेला नाही. चहासुद्धा उभ्याने प्यायचा. मी खुर्ची पुढे केली की म्हणायचा, "नको साहेब, बसलो की गंजतो." शिडीवर मात्र तो शांत असायचा. छताजवळ हात वर करून वायरी जोडताना त्याचं ते सारखं चाललेलं पाय हलवणं थांबायचं. दिवसभरात तेवढाच वेळ तो एका जागी असे.

आमच्या केंद्रात लहानमोठ्या दवाखान्यांतल्या नर्स, फार्मासिस्ट आणि आरोग्यसेविका येतात. मधुमेहाच्या रुग्णाला काय सांगायचं, कसं सांगायचं, त्याचं इंजेक्शन त्याला स्वतःला घ्यायला कसं शिकवायचं, असा पाच दिवसांचा अभ्यासक्रम. चौथा दिवस पायांचा. शिकवायला थोरल्या सिस्टर. वॉर्डात उभं आयुष्य काढलेली बाई, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर बोलल्या तर माझ्या खोलीतली बेरीज चुकावी. त्यांचं एक वाक्य मला पाठ झालं होतं. "रुग्णाला 'समजलं का' असं विचारू नका. तो हो म्हणतो. घरी जाऊन नाही करत. 'करून दाखवा' म्हणा."

पाय तपासायला त्यांच्याकडे पेनासारखी एक दांडी होती, तिच्या टोकाला जाडसर नायलॉनचा धागा. रुग्णाने डोळे मिटायचे. धागा तळपायाला टेकवून तो वाकेपर्यंत दाबायचा. रुग्णाला स्पर्श कळला की त्याने 'लागलं' म्हणायचं. एकेका पायावर अशा दहा जागा. साखर वाढलेली राहिली की पायांची जाणीव हळूहळू जाते आणि माणसाला पत्ताही लागत नाही. मग खडा टोचला, बूट चावला तरी कळत नाही, जखम आतल्या आत वाढते, आणि शेवटी बोट, पाऊल, कधी गुडघ्याखालचं सगळंच कापावं लागतं. जाणीव गेलेल्या माणसाने अनवाणी चालू नये, आणि शिडीवर तर अजिबात चढू नये, हे सिस्टर प्रत्येक बॅचला सांगत.

केंद्राकडे रबरी पाय होता, पण रबरी पाय बोलत नाही. भिंगरीला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह होता, गोळ्या वेळेवर घ्यायचा, जाणीव शाबूत होती. सिस्टरनी त्यालाच बसवलं. आठ वर्षं तो दर बॅचला बसला.

बसला म्हणजे काय, त्याला बसवणं हाच एक कार्यक्रम असायचा. मी कधी बिलांवर सह्या घ्यायला वर गेलो की दारातून बघत असे.

"मामा, पाय हलवू नका ना," एखादी शिकाऊ नर्स म्हणायची.

"मी कुठे हलवतोय, तो आपोआप हलतो. सिस्टर, ह्यांना सांगा, गुदगुल्या करू नका म्हणावं. मी संसारी माणूस आहे."

"भिंगरी, डोळे मिटा आणि तोंडही मिटा," थोरल्या सिस्टर म्हणायच्या.

"तोंड मिटलं तर 'लागलं' कोण म्हणणार? रबरी पाय?"

पोरी हसायच्या. मग एकेक जण खाली बसून धागा लावायची. अंगठा, मधलं बोट, करंगळी, मग त्यांच्याखालच्या तीन जागा, मग मधल्या भागातल्या दोन, टाच, शेवटी वरची बाजू. भिंतीवर पावलांचा मोठा तक्ता होता, त्यावर एक ते दहा आकडे घातलेले. सिस्टर शिकवताना सांगत, "क्रम बदलत राहा, मध्येच थांबा, रुग्णाला अंदाज येता कामा नये." पण परीक्षेला बसलेली मुलगी घाबरलेली असते. ती तक्त्याकडे बघते आणि एकपासून सुरू करते. एकही जागा राहिली नाही म्हणून तिला पूर्ण गुण मिळत.

आणि प्रत्येक वेळी भिंगरीचे पाय पास होत. "गावात माझ्याएवढे तपासलेले पाय दुसरे नाहीत," तो म्हणायचा. खरंच होतं ते. त्यामुळेच बाहेरच्या डॉक्टरांनी वर्षातून एकदा पाय दाखवायला सांगितलं की तो सांगे, "आमच्याकडे दर महिन्याला दाखवतो."

गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. तो माझ्या खोलीत ट्यूब बदलायला आला. एका पायात चप्पल, दुसरा मोकळा.

"अरे भिंगरी, दुसरी कुठे?"

त्याने खाली पाहिलं. "आयला! जिन्यात राहिली वाटतं."

"एवढी घाई कसली रे? चपलेला तरी बरोबर घेऊन यायचं." ऑफिसमधले सगळे हसले, तोही हसला, आणि पळत जाऊन पहिल्या मजल्यावरून ती घेऊन आला. पुन्हा एकदा तसंच झालं, तेव्हा कोणीतरी चपलेला बांधायला वायरचा तुकडा दिला. आणखी एक हशा.

वहिनी, म्हणजे त्याची बायको, घरी शिलाई मशीन चालवते. पडद्यांचं माप घ्यायला आली तेव्हा म्हणाली, "भावजी, ह्यांना जरा समजवा. आता झोपेतही पाय थांबत नाहीत. चादर लाथाडतात, उठून मोरीतल्या गार फरशीवर जाऊन उभे राहतात. म्हणतात, तळव्यांची आग होते."

"उन्हात फिरतो ना दिवसभर," मी म्हणालो.

"तेच म्हटलं मी. पण ऐकतंय कोण?"

नोव्हेंबरच्या बॅचमध्ये एक आरोग्यसेविका होती, उंच, हडकुळी, सारखी घाम पुसणारी. चौथ्या दिवशी परीक्षेला ती खाली बसली तेव्हा मी हजेरीपत्रक घ्यायला वर गेलो होतो, म्हणून हे माझ्या डोळ्यांसमोर झालं.

तिने दांडी हातात घेतली आणि उजव्या अंगठ्यापासून सुरू केलं.

"लागलं," भिंगरी म्हणाला. डोळे मिटलेले, गुडघा हलतोय. "लागलं. लागलं." तीन जागा झाल्या. मग पुढच्या तीन. ठराविक वेळ, ठराविक आवाज, घड्याळाच्या टोल्यांसारखं. "लागलं. लागलं. लागलं."

थोरल्या सिस्टर जवळ आल्या आणि वाकल्या. त्यांनी सेविकेचा हात धरला. दांडीच्या टोकाला धागा नव्हता. तो खुर्चीच्या पायाशी फरशीवर पडला होता. घामेजल्या बोटांनी फिरवताना केव्हातरी निसटला असणार. नुसती दांडी तळव्यापासून बोटभर अंतरावर हवेत फिरत होती, आणि भयाने त्या मुलीला ते दिसलंच नव्हतं.

"लागलं," भिंगरी म्हणाला.

पोरी खो खो हसल्या. मीही. भिंगरीने डोळे उघडले. "काय झालं? चुकली का बिचारी? जाऊ द्या हो सिस्टर, पास करा."

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी कपाटातून नवा धागा काढला, स्वतः खाली बसल्या. "डोळे मिटा."

त्यांनी टाचेला धागा लावला. वाकेपर्यंत दाबला. भिंगरी काही बोलला नाही. त्यांनी बरंच थांबून करंगळीखाली लावला. मग मधल्या बोटाला. मग डावा पाय. मला धागा वाकताना दिसत होता. हडकुळ्या सेविकेने तोंडावर हात घेतला.

"सिस्टर, सुरू करा ना," भिंगरी म्हणाला. "मला वर टाकीकडे जायचंय."

"झालं माझं करून."

"काय झालं?"

"दोन्ही पाय झाले."

त्याचा गुडघा हलायचा थांबला.

उजव्या करंगळीच्या मुळाशी जाड कातडी होती. त्या वर्षी तीन-चार जणींनी ती पाहिली होती आणि 'भेगा, मलम सुचवले' असं म्हणून पुढे गेल्या होत्या. सिस्टरनी त्याला तसंच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी ती तासली. खाली पोकळ, ओली जखम निघाली. किती दिवसांची, कोणाला सांगता येईना. ज्याची, त्यालाही नाही.

भिंगरीचं एकच पालुपद होतं. "मी खोटं बोललो नाही सिस्टर. मला लागत होतं. आईशप्पथ लागत होतं."

"मला माहितीये," सिस्टर म्हणाल्या. "आठ वर्षं मीच पाठ करून घेतलं तुमच्याकडून." त्या दिवशी त्यांनी तक्त्यावरचे आकडे पांढऱ्या पट्टीने बुजवले. परीक्षेला क्रमाने गेलेल्या मुलींना त्या आता नापास करतात. तक्रारी माझ्यापर्यंत येतात.

जखमेवर भार येऊ नये म्हणून पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं. सहा आठवडे पाऊल टेकायचं नाही, नाहीतर पाऊल राहणार नाही, असं डॉक्टर स्पष्ट बोलले. शिडी कायमची बंद.

भिंगरी खुर्चीत बसला. मी अधूनमधून घरी जायचो, ड्रेसिंगला टॅक्सीने घेऊन जायचो. तो बसलेला माणूस बघवत नसे. हात सारखे चालू. घरातले सगळे स्विच उघडून पुन्हा बसवले. वहिनीची मशीन दोनदा सोडली, आणि दुसऱ्यांदा जोडताना एक स्क्रू उरला.

"भावजी, ह्यांना ऑफिसात घेऊन जा," वहिनी म्हणाली. "नाहीतर मी जाते."

"स्क्रू जास्तीचाच होता," तो म्हणाला.

"वीस वर्षं होता तेव्हा नव्हता का जास्तीचा?"

तिसऱ्या आठवड्यात केंद्रात दुसऱ्या मजल्यावरचे दिवे गेले. बदली वायरमनला फेज सापडेना, म्हणून त्याने फोन करून विचारलं. भिंगरी फोनवर सांगत होता, मग ओरडत होता, मग फोन ठेवला. अर्ध्या तासाने तो आमच्या जिन्यात कुबड्यांवर उभा होता. मी अडवलं. "फक्त बघतो," म्हणाला. मला खाली बँकेच्या माणसाने बोलावलं. मी वर आलो तेव्हा दिवे लागले होते, आणि तो शिडीच्या चौथ्या पायरीवर होता, प्लास्टरचा पाय पायरीवर रोवून, अगदी शांत.

प्लास्टर खालून पिचलं होतं. आठवड्याभरात ताप आला. संसर्ग हाडापर्यंत गेला होता. करंगळी तिच्या मुळासकट काढावी लागली. ऑपरेशनच्या दिवशी आम्ही बाकावर बसलो होतो. वहिनीच्या हातात पडद्याची कड होती आणि ती सुईशिवायच दुमडत होती, उलगडत होती. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, पाऊल वाचलं. तिने विचारलं, "ह्यांना बांधून ठेवता येईल का?" डॉक्टरांना वाटलं ती चेष्टा करतेय.

आता तो तळमजल्यावर स्टोअर सांभाळतो. बल्ब, वायर, फ्यूज मागणीप्रमाणे देतो. स्टूल आहे, त्यावर बसत नाही, मापाने बनवलेल्या बुटांत दारापासून कपाटापर्यंत येरझाऱ्या घालतो. रोज सकाळी वहिनीपुढे दोन्ही तळवे धरतो. ती हात फिरवून, बघून सांगते. काही असेल तर तो बाहेर पडत नाही, असं ती म्हणते. मला खात्री नाही.

मागच्या महिन्यात सिस्टरनी त्याला पुन्हा बोलावलं. जाणीव नसलेले पाय कसे असतात हे शिकवायला आता त्याच्याइतकं योग्य कोणी नव्हतं. तो दोनदा नाही म्हणाला, तिसऱ्यांदा आपणहून वर गेला, लिफ्टने. डोळे मिटले. एका मुलीने टाचेला धागा लावला. शांत. मग ती थांबली, हात मागे घेतला, काहीच केलं नाही.

"लागलं," भिंगरी म्हणाला.

कोणी हसलं नाही. सिस्टर म्हणाल्या, "नाही."

त्याने डोळे उघडून मुलीचे रिकामे हात पाहिले, मग आपला पाय पाहिला. "मग मला कळलं ते काय होतं?"

सिस्टरनी मुलींना सांगितलं, हे लिहून घ्या. भिंगरी बूट चढवून उठला, आणि बाकीचा पाय न तपासताच जिन्याने खाली गेला. मी मागोमाग गेलो. स्टोअरमध्ये तो दार ते कपाट, कपाट ते दार करत होता. मी म्हटलं, बस जरा. म्हणाला, "बसतो हो साहेब," आणि चालत राहिला.

ड्रेसिंगच्या टॅक्सीचं भाडं निम्मं निम्मं करायचं, असा त्याचाच आग्रह होता. त्याच्या वाट्याचे एकशे साठ रुपये अजून यायचे आहेत.