इसाबुरोचा सैल पट्टा

जपानमधल्या नोतोच्या किनाऱ्यावर रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारा इसाबुरो तसा गरीब गाय. पण रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राचा विषय निघाला की त्याच्या अंगातच यायचं.

"मोटर एकीकडे, तबकडी दुसरीकडे, मध्ये रबरी पट्टा! मोटरची थरथर सुईपर्यंत पोचतच नाही. आणि तुमची ती नवी, थेट मोटरवर फिरणारी? सुई काय मिक्सरवर ठेवायची?"

ओबोनच्या सणाला पितर घरी येतात, म्हणून सगळं गाव देवळाच्या पटांगणात फेर धरतं. मधोमध लाकडी मचाण, त्यावर इसाबुरो आणि त्याचं पट्ट्याचं यंत्र. खाली फेराच्या पुढे त्याची बायको फुमिनो.

त्या वर्षी आळीचा पुढारी मासुनागा थेट मोटरचं कोरं यंत्र घेऊन आला. "इसाबुरो, बटण दाबलं की लगेच पूर्ण वेग! आता माझा पुतण्या वाजवेल. तू खाली आराम कर."

आराम! इसाबुरोच्या मनात आलं, मचाणावरून उतरलो तर या गावात आपण कोण? बॅटऱ्या विकणारा म्हातारा. "आधी दोन्ही शेजारी-शेजारी लावून बघू," तो म्हणाला.

दुकानात दोन्ही यंत्रांवर एकच गाणं, एकदमच सुया टेकवल्या. आणि घात झाला. नव्यावरचं गाणं संपलं तरी पट्ट्यावरची बाई आपली गातेच आहे! पट्टा सैल पडून घसरत होता. कधीपासून, देव जाणे. गावभरचे रेडिओ उघडून बसणाऱ्या या शहाण्याला पत्ताच नाही! मासुनागा हसून हसून खाली बसला. इसाबुरोला तोंड कुठे लपवू असं झालं.

सणाच्या संध्याकाळी पुतण्यानं बटण दाबलं आणि फेराची दाणादाण उडाली. टाळीच्या जागी पाऊल, पावलाच्या जागी टाळी. गावाचे पाय इतकी वर्षं मंद गाण्यावर घडलेले ना!

"अरे, कुठं आग लागलीय का?" फुमिनो खालून ओरडली. बायकांनी गिल्ला केला, "इसाबुरोला वर चढवा!"

इसाबुरो चढला. नव्या यंत्राला वेग कमी-जास्त करायची खिट्टी होती. फुमिनोच्या पावलांवर नजर ठेवून त्यानं ती हळूहळू खाली ओढली. जरा आणखी... बस्स! फेर पुन्हा जुळला. पितरांनासुद्धा हायसं वाटलं असेल.

मग तो यंत्र कुरकुरायची वाट बघत बसला. दोन गाणी झाली. वेग हलेना, आवाज डळमळेना, थरथर तर नावाला नाही. "च्यायला, चांगलं आहे की रे हे," तो पुटपुटला.

मासुनागा शिडीवरून डोकावला. "चुकलं माझं. बस बाबा, जागा तुझीच."

इसाबुरोनं खाली पाहिलं. लग्न झाल्यापासून फुमिनो दर ओबोनला खाली नाचायची आणि हा वर पट्टा सांभाळायचा. तिच्याबरोबर एक फेर धरला नव्हता कधी.

"खिट्टीला हात लावशील तर याद राख," पुतण्याला बजावून तो शिडी उतरला.

"अगंबाई! अहो, तुम्ही खाली कसे? यंत्र बिघडलं का?"

"नाही ना! बिघडतच नाही ते. मग वर बसून करू काय?"

फुमिनोनं सरकून जागा केली. पहिल्याच वळणाला हा उलटा वळला आणि थेट मासुनागाच्या बायकोवर जाऊन आदळला. फुमिनो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"ए पोरा," इसाबुरो वर बघून ओरडला, "पुन्हा पहिल्यापासून लाव!"